चिडलेल्या हाताचा साचा

१७ मार्च २०११ रोजी नमुना खोलीच्या नावे अठ्ठेचाळीस हजार तीनशे वीस रुपयांची मेणमाती निघाली. एका वर्षाची. मालकांनी तो आकडा कागदावर बोटानं दाबून धरला, बोट उचललं तर पळून जाईल अशा बेतानं, आणि मला विचारलं, "हा माणूस मेणमाती खातो की काय?"

"वापरतो."

"तुमचा कोण लागतो हो तो?"

"साडू."

"मग घरातल्या घरात सांगा की त्याला जरा."

घरातल्या घरात सांगण्यासारखं आमच्यात काही उरलेलं नव्हतं. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून घरच्या कार्याला आम्ही एका छताखाली यायचो आणि खोलीच्या दोन टोकांना बसायचो. कारखान्यात मी खर्चाचा हिशेब बघायचो, तो वस्तूंना आकार द्यायचा. कामाचं बोलणं शक्यतो चिठ्ठीवर भागवायचो. माझा साडू चांगला माणूस नव्हता. हे मी त्याच्या तोंडावरही म्हटलेलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

कारखान्यात त्याला सगळे चिमटा म्हणत. त्याच्या हातात कायम मोजमापाचा एक चिमटा असायचा, आणि तोंडानंही तो तेच काम करायचा. नाव कोणी ठेवलं ते माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याचा हुद्दा वाढवायला हवा होता.

आमचा कारखाना टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ते कंट्रोलर बनवतो. नाव आमचं नसतं, खरेदी करणाऱ्या कंपनीचं असतं. दोन मुठी, दोन अंगठ्यांसाठी दोन स्टिक, उजवीकडे चार बटणं, तर्जनीखाली ट्रिगर. बघायला सोपी वस्तू. पण मूठ किती जाड, ती आत किती वळते, अंगठा स्टिकवर ताणून ठेवावा लागतो की आपोआप पडतो, यावर माणूस तासभर खेळतो की दहा मिनिटांत मनगट चोळत उठतो हे ठरतं. हे ठरवणारा माणूस म्हणजे चिमटा.

कंट्रोलरच्या आधी आमच्याकडे अवजारांच्या मुठी होत. पाने, पेचकस, कानशी, इस्त्र्या. चिमटा त्या काळातला. पान्याची मूठ करताना त्यानं एक गोष्ट हेरली होती. गिऱ्हाईक दुकानात पाना हातात घेतं तेव्हा ते खुशीत असतं, पण घरी नट गंजलेला निघतो आणि सुटत नाही, तेव्हा तोच माणूस पाना वेगळा धरतो. दात खाऊन धरतो. मूठ त्या हाताला बसली पाहिजे. म्हणून चिमट्यानं आपली पद्धत काढली. गरम पाण्यात मऊ केलेल्या मेणमातीचा गोळा समोरच्याच्या हातात द्यायचा आणि त्याला चिडवायला सुरुवात करायची. बोटांची पेरं पांढरी पडली की थांबायचं, गोळा थंड होऊ द्यायचा, मग काढून मधोमध कापायचा आणि मोजायचा. त्या पान्यांचा खप चांगला झाला, हे मला मान्य आहे. आकडे माझ्याचकडे होते.

माझी आणि त्याची पहिली भेट अशीच झाली. लग्न ठरायचं होतं. मी सासुरवाडीच्या बाहेरच्या खोलीत नव्या बुटांत बसलो होतो. थोरल्या मुलीचा नवरा म्हणून हा पुढे आला आणि नमस्कार-चमत्काराच्या आत त्यानं माझ्या हातात काहीतरी कोमट, गिळगिळीत कोंबलं.

"धरा. काय शिकलात?"

"बी. कॉम."

"म्हणजे जन्मभर दुसऱ्याचे पैसे मोजायचे. स्वतःचे मोजायची वेळ यायची नाही, ही एक सोय आहे त्यात. बूट कोणाचे?"

"माझे."

"पायांना माहीत नाही अजून. चालताना परक्यासारखे वागत होते."

थोरली आतून म्हणाली, "अहो, पुरे." हा थांबला नाही. माझ्या भांगावरून, माझ्या वडिलांच्या नोकरीवरून, मी चहा फुंकून पितो त्यावरून त्यानं बोलून घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार इतक्यात त्यानं माझी बोटं एकेक करून उलगडली, गोळा काढला, उजेडात धरला आणि सासऱ्यांना म्हणाला, "चांगला चिडका आहे. पोरगी द्यायला हरकत नाही."

सगळे हसले. मी हसलो नाही. त्या गोळ्यावरून केलेली पेचकसाची मूठ पुढे सात वर्षं विकली जात होती. मी त्याच कारखान्यात हिशेबाला लागलो, तरी ती कधी हातात घेतली नाही.

चिडवण्यात तो कसबी होता. आरडाओरडा करणारा माणूस लवकर बोथट होतो. याचं तसं नव्हतं. तो प्रत्येकाची दुखरी जागा शोधून ठेवायचा. फाटकावरच्या पहारेकऱ्याला तो फक्त विचारायचा, "काल चोर येऊन गेला म्हणे, तुमचीच खुर्ची नेली?" भांडारातल्या बाईंना म्हणायचा, "तुमची सून फारच समजूतदार दिसते, इतकी वर्षं काही बोलली नाही." त्या बाईंच्या हाताचा गोळा कापायला करवत लागली असं लोक सांगत. एकदा एका वेल्डरनं गोळा त्याच्या कपाळावर भिरकावला. भुवईतून रक्त वाहत असताना चिमटा खाली वाकून गोळा शोधत होता. "फेकायच्या आधीची पकड आहे ही. अशी रोज मिळत नाही."

कंट्रोलर आले तेव्हा त्यानं तीच पद्धत पुढे चालवली. टीव्हीवर शर्यतीचा गेम लावायचा, गोळ्याच्या मधोमध लाकडी गाभा घालून तो समोरच्याच्या हातात द्यायचा, आणि शेजारी स्टूल घेऊन बसायचं. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "जिंकणारा हलका धरतो, हरणारा आवळतो. आणि जगात जिंकणारे किती? चार. मी उरलेल्यांसाठी करतो."

त्याच्या प्रत्येक कंट्रोलरमधून मी काही ना काही काढलं. एकदा मुठीवरचं रबर काढलं, एकदा मुठीची लांबी चार मिलिमीटरनं कमी केली, एकदा दोन स्क्रू. ते माझं काम होतं आणि मी ते नीट केलं. चार मिलिमीटर म्हणजे एक लाख नगांमागे किती प्लॅस्टिक होतं ते मी त्याला कागदावर लिहून दिलं. त्यानं तो कागद परत पाठवला. मागे लिहिलं होतं, "करंगळ्या कुठे ठेवायच्या ते गिऱ्हाइकाला तुम्हीच कळवा." त्यानंतर घरच्या जेवणात तो माझ्या ताटाकडे बघून म्हणायचा, "पुरतं का हो? की यातलंही चार मिलिमीटर कमी करू?" आमची ही मला टेबलाखालून गुडघ्यानं ढोसायची.  माझ्या मुठी आवळलेल्या असायच्या, आणि त्याचं लक्ष माझ्या मुठींवरच असायचं.

त्या मार्चमध्ये मेणमातीचा आकडा मालकांच्या डोळ्यांवर आला तो उगाच नव्हे. एका मोठ्या कंपनीची खरेदी बघणाऱ्या बाई येणार होत्या. ऑर्डर मिळाली असती तर तीन वर्षं यंत्रं थांबली नसती. मालकांचा जावई वर्षभरापूर्वी उत्पादनावर आला होता. त्याला कारखान्यात जावईबापू म्हणत, तेही तोंडावर. त्यानं स्वतःचा एक नमुना केला होता. गुळगुळीत, चपटा, एका साच्यात दोन निघतील असा. चिमट्यानं तो हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "वास कोणता घातलाय? चंदन?" तेव्हापासून त्या नमुन्याचं नाव साबण पडलं.

जावईबापूंनाही राग येत होता, पण ते तो दाबायचे. ते म्हणाले, "काका, तुमचा कंट्रोलर बनवायला माझ्यापेक्षा तिप्पट मेहनत लागते."

"मग तीन जावई आणा."

मालकांनी दोघांना समोर बसवलं. मी खर्चाचे कागद घेऊन हजर होतो. मालक चिमट्याला म्हणाले, "स्पष्ट सांगतो. बाईंनी तुमचा घेतला तर नमुना खोली राहील आणि तुम्हीही साठीपर्यंत राहाल. जावयाचा घेतला तर त्या खोलीत पॅकिंग बसेल. तुम्ही हिशेब करून घरी बसा."

चिमटा सत्तावन्न वर्षांचा होता. त्या खोलीखेरीज त्याला कुठेही कोणी दहा मिनिटांच्या वर बसू दिलेलं मी पाहिलं नव्हतं, स्वतःच्या घरातही नाही. त्याचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. "यांनी परत काही कापलं नाही तर माझाच घेतील."

"यावेळी नाही कापणार," मी म्हणालो. "तुमचं पूर्ण होऊ दे एकदा."

मी शब्द पाळला. त्याचा नमुना त्याच्या मनासारखा झाला. रबर, पूर्ण लांबीच्या मुठी, प्रत्येक बोटाला खोल खाच. कारखान्यातल्या साऱ्या चिडलेल्या हातांची सरासरी त्यात उतरली होती. धरला की हात आपोआप आवळला जायचा. सुटायचाच नाही. चिमटा तो नमुना दिवसभर खिशात घालून फिरायचा. माणसानं इतकं खूश दिसू नये.

परीक्षा कॅन्टीनमध्ये झाली. टेबलं भिंतीला लावून चार टीव्ही मांडले होते. बाईंनी बाहेरून आठ खेळणारे आणले होते. कॉलेजातली मुलं-मुली, एक बँकेतला कारकून, दोन मध्यमवयीन बहिणी. चौघांना साबण, चौघांना चिमट्याचा. बाई स्वतः मागे खुर्चीवर. त्या फार बोलत नव्हत्या. चिमट्याला तोंड न उघडण्याची ताकीद होती. तो दाराशी हात मागे बांधून उभा राहिला.

साबण पहिल्या दहा मिनिटांतच घसरायला लागला. एकाच्या हातून तो खाली पडला आणि बटण निखळलं. जावईबापू ते शोधायला टेबलाखाली गेले ते बराच वेळ वर आले नाहीत. चिमट्याचा धरणारे मात्र म्हणत होते, "वा, काय घट्ट बसतो!" मी मालकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, तिप्पट खर्च आता कसा बसवायचा या नजरेनं.

अर्ध्या तासानं त्या दोन बहिणींपैकी एक दुसरीला म्हणाली, "तू मुद्दाम आडवी येतेस."

"मी? रस्ता काय तुझ्या नावावर आहे?"

"लहानपणापासून तुझं हेच."

कारकून शेजारच्या मुलाला म्हणाला, "कोपर आवरा." मुलगा म्हणाला, "तुमचं पोट आवरा, मग मी कोपर आवरतो." पुढच्या पाच मिनिटांत त्या चौघांत खेळ बाजूला राहिला आणि अशी जुंपली की वाढपी कामं सोडून बघायला आले. साबणवाले चौघं हातातून निसटणारी वस्तू सावरत शांतपणे खेळत होते. दोन्हींची अदलाबदल केली. आता दुसरे चौघं भांडायला लागले.

बाई उठल्या. त्यांनी चिमट्याचा कंट्रोलर स्वतः हातात घेतला, थोडा वेळ खेळल्या, मग ठेवला आणि अंगठ्याचा खालचा भाग चोळला.

"ही मूठ आहे," त्या म्हणाल्या. "माणसाची वळलेली मूठ. हातात घेतली की कोणावर तरी उगारावीशी वाटते. कोणाच्या हातावरून केलीत?"

"हरणाऱ्यांच्या," चिमटा म्हणाला. "हरणारा आवळतो."

"हरेपर्यंत तरी सैल धरू द्या ना त्याला."

चिमट्यानं नमुना उचलला आणि स्वतःच आवळून बघितला.  पान्याला जे चाललं ते इथे उलटलं होतं. पाना घडीभर धरायचा असतो, हा तास-तास. चिडलेल्या हाताच्या मापानं केलेली मूठ शांत हातालाही चिडल्यासारखं धरायला लावत होती, आणि हात चिडला की माणूस मागोमाग चिडत होता.

बाई म्हणाल्या, "दोन्ही नापास. पण तुमच्या मुठीला आकार तरी आहे. पुढच्या सोमवारपर्यंत शांत हाताची करून दाखवा. नाहीतर मी दुसरीकडे जाते."

आता चिमट्याला एक मध्यम मापाचा शांत हात हवा होता. तो त्याला मिळेना.

पहिल्यांदा त्यानं पहारेकऱ्याला बोलावलं. "बसा. चहा घेता?" पहारेकरी खुर्चीच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "साहेब, माझं काही चुकलं का?" चिमटा म्हणाला, "छे, छे. तुम्ही फार उत्तम पहारा देता." पहारेकऱ्यानं गोळा असा आवळला की मेण बोटांच्या फटीतून वर आलं. पुढे काय येतंय याची धास्ती चिडण्यापेक्षा वाईट. भांडारातल्या बाईंच्या वेळी तो खोलीबाहेर जाऊन उभा राहिला. बाईंना दाराखालून त्याचे बूट दिसत होते. गोळा मागच्याहून घट्ट निघाला. मग त्यानं रस्त्यावरून दोन अनोळखी माणसं आणली. पण गप्प बसून बघणं त्याला जमेना. "बोटं अशी काय धरलीत, काकड्या विकायच्यात का?" असं तोंडून निघून गेलं आणि ती माणसं गोळे टेबलावर टाकून गेली.

जावईबापू म्हणाले, "काका, मी घेतो हात."

"तुम्ही वड्या पाडा," चिमटा म्हणाला.

शनिवारी थोरलीनं आमच्या हिला फोन केला. नवरा दोन दिवस धड जेवला नाही, आणि वाईट म्हणजे बोललाही नाही, एकदा येऊन जा. मला जायचं नव्हतं. ही म्हणाली, "ताईसाठी चला. त्यांच्याकडे बघूही नका."

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर गोळे. नात्यातले सगळे हात तिथे होते, चुलत, मावस, विहीणबाईसुद्धा. माझा वरून दुसऱ्या फळीवर होता, धूळ पुसलेला. चिमटा त्यांच्यासमोर खुर्चीत बसला होता. मला बघून म्हणाला, "आलात? मोजून घ्या. हेही तुम्हाला विकून टाकायचं असेल."

"गिऱ्हाईक मिळालं तर कळवतो," मी म्हणालो.

वारा होता. स्वयंपाकघरातली खिडकी आपटू नये म्हणून थोरलीनं फटीत एक गोळा खोचलेला होता. चिमटा पाणी प्यायला आत गेला. ग्लास भरता भरता त्याचा हात थांबला. त्यानं गोळा ओढून काढला आणि खिडकी धाडकन आपटली.

"हा कोणाचा?"

"माझा," थोरली म्हणाली. "तुम्हीच टाकून दिलेला. तो आधी जागेवर ठेवा, काच फुटेल."

इतक्या वर्षांत त्यानं बायकोचे गोळेही घेतले होते. दर वेळी तो ते बघून म्हणायचा, "मेलेला हात," आणि खाली टाकायचा. थोरली ते उचलून वापरायची. एक खिडकीला, एक डगमगत्या टेबलाच्या पायाखाली. चिमट्यानं गोळा उजेडात धरला. खिडकीनं एक बाजू चेपली होती, पण दुसरीवर बोटांच्या उथळ, मोकळ्या खाचा दिसत होत्या. अंगठ्याची जागा तर अशी की अंगठा कुठेही फिरावा.

त्यानं मोजमाप घेतलं. मध्यम. बरोब्बर मध्यम.

"मी तुला बोललो तेव्हाचा आहे हा?"

"बोललात म्हणजे काय! माझ्या आईला धरून बोललात."

"मग तुला राग कसा नाही आला?"

थोरलीनं पदराला हात पुसले. "तुम्ही सुरू झालात की मी मनात उद्याची भाजी निवडायला घेते. दाणे वेगळे, देठ वेगळे. तुमचं संपेपर्यंत भाजी होते."

"इतकी वर्षं?"

"पहिलं एक वर्ष सोडून."

आमची ही तोंडावर हात ठेवून मागे वळली. चिमटा लालबुंद झाला. "म्हणजे मी भिंतीशी बोलत होतो!"

"भिंतीला गोळा धरता येत नाही."

"हरणारा आवळतो, आणि तू..."

"मग मी हरले नसेन," थोरली म्हणाली. "सरका, काच बघू द्या."

तो तिला जे बोलला ते मी लिहीत नाही. खरकट्याच्या भांड्यापासून तिच्या माहेरच्या सगळ्या पुरुषांपर्यंत सगळं त्यात आलं, आणि त्यात मीही होतो. ती काचेवरून बोट फिरवत होती. त्याचा आवाज चढत गेला, चिरकला, आणि शेवटी तोच म्हणाला, "सोमवारपर्यंत नवा गोळा पाहिजे. या चेपलेल्यावरून साचा होत नाही."

"नाही देणार."

"नोकरी जाईल माझी."

"मग दिवसभर घरात असाल," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा हात काचेवर थांबला.  मग ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, बाहेरच्या माणसाचा हात घेतला तर कंपनी काय देते?"

"अडीचशे. एका बैठकीचे."

"मग मला बाहेरच्या माणसाचे द्या. आणि हे इथे नकोत. तुम्ही घ्या माझा हात, हे खाली जाऊन फिरून येऊ देत."

चिमटा म्हणाला, "हा? याला पेन्सिल धरता येत नाही नीट."

"चपला दाराबाहेर आहेत," थोरली म्हणाली.

तो गेला. जिन्यावर एकेका पायरीवर पाय आपटत गेला. मी पाणी तापवलं, मेणमाती मऊ केली, गाभा घातला आणि गोळा तिच्या हातात दिला. टीव्हीवर शर्यत लावून दिली. मला वाटलं होतं, तिला खेळ समजावून सांगावा लागेल. ती म्हणाली, "माहीत आहे हो. हे कारखान्यात गेले की मी रोज खेळते. सगळे रस्ते संपले माझे." गोळ्याला बटणं नव्हती, पण तिचे अंगठे वळणांप्रमाणे सरकत होते. दोघी बहिणी एका चुलतभावाच्या उधळ्या सुनेबद्दल बोलत होत्या. थंड झाल्यावर मी गोळा काढला तेव्हा तो बोटांना कुठे चिकटलासुद्धा नाही.

खाली चिमटा फाटकाशी उभा होता. मी गोळा त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो बघितला, आणि मग खाचांवरून अंगठा फिरवला.

"तुम्ही चिडवून बघितलंत तिला?" त्यानं विचारलं.

"नाही."

"तुम्हाला जमलंही नसतं." गोळा रुमालात गुंडाळून तो रविवार असूनही दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेला.

सोमवारी तेच आठ जण आले. खाचा उथळ, मूठ थोडी बारीक, अंगठा मोकळा. त्या दोन बहिणी पूर्ण वेळ एकमेकींच्या मुलांबद्दल गप्पा मारत खेळल्या. कारकुनाला खेळावरून उठवावं लागलं. बाईंनी कागदावर सही केली. जावईबापूंनी चिमट्याचं अभिनंदन केलं, त्यावर तो म्हणाला, "हात धुऊन आलात ना? साबण तुमच्याकडे आहेच."

ऑर्डर आली आणि मी रबर काढलं. उथळ खाचांना त्याची गरज नव्हती. त्यावरून तो माझ्या टेबलाशी येऊन सगळ्या विभागासमोर मला कवडीचुंबक म्हणाला. मी त्याला रबराचा वार्षिक खर्च वाचून दाखवला.

नमुना खोली राहिली. तो साठीपर्यंत तिथेच बसला आणि लोकांना चिडवत राहिला, आता कामाशिवाय. ज्या कंट्रोलरनं त्याची नोकरी वाचवली तो त्यानं पुन्हा हातात घेतलेला कोणी पाहिला नाही. विचारलं तर म्हणायचा, "ते माझं काम नाही. मेलेला हात आहे तो." निवृत्त झाल्या दिवशी त्यानं निरोपाच्या भाषणात आम्हा प्रत्येकाला नावानिशी काहीतरी बोलून घेतलं आणि मिळालेला गुच्छ पहारेकऱ्याच्या खुर्चीवर ठेवून गेला. आता तो दिवसभर घरात असतो. थोरली दुपारी आमच्याकडे येऊन खेळते.

आमच्याकडे हात देणाऱ्याचे पैसे निघायला दोन गोष्टी लागतात. हात घेणाऱ्याची सही, आणि हात कसा होता त्याचा शेरा. हिशेब बघणाऱ्यानं स्वतःच हात घेतला तर त्याची सही चालत नाही, हा नियम मीच घातलेला आहे. म्हणून तो कागद मी चिमट्याकडे पाठवला. शेऱ्यात फक्त 'शांत' लिहायचं होतं. तो कोरा परत आला. मी पुन्हा पाठवला, पुन्हा कोरा आला. तो निवृत्त झाल्यावर मी कागद त्याच्या घरी घेऊन गेलो. तो म्हणाला, "मी घेतला नाही, मी बघितला नाही, मी लिहिणार नाही. आणि ती शांत नव्हती. ती भाजी निवडत होती."

थोरली दर भेटीत विचारते, "भाऊजी, माझ्या पैशांचं काय झालं?"

येत्या जूनमध्ये मी निवृत्त होतोय. पुढच्या माणसाला सोपवायच्या कागदांत तो कागद वरच ठेवला आहे. थोरलीला अडीचशे रुपये देणे बाकी आहेत.